फुफ्फुसातला रक्तदाब: तो मोजण्यात संशोधकाचं आयुष्य कसं जातं

दंडाला पट्टा बांधून जो रक्तदाब मोजतात, त्यावरून फुफ्फुसातला रक्तदाब कळत नाही. हृदयाची डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पुरवते आणि तिथला सरासरी दाब ९० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. उजवी बाजूही तेवढंच रक्त, म्हणजे विश्रांतीत मिनिटाला पाचेक लिटर, पुढे ढकलते. पण ते फक्त फुफ्फुसातून फिरवायचं असल्याने तिला सरासरी १४ मिमी दाब पुरतो. फुफ्फुसातल्या धमन्यांच्या भिंती पातळ असतात, त्या सहज ताणल्या जातात आणि विश्रांतीत मिटून राहिलेल्या कितीतरी केशवाहिन्या श्रम करताना उघडतात. म्हणून धावताना रक्तप्रवाह तिप्पट झाला तरी दाब तिप्पट होत नाही.

हा राखीव साठा इतका मोठा आहे, की एखाद्याचं एक अख्खं फुफ्फुस काढून टाकलं तरी विश्रांतीतला दाब फारसा वाढत नाही. हा दाब वाढण्याच्या आजाराला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, आणि तो लपतो तो इथेच. धमन्यांच्या भिंती आतून जाड होत जातात, बारीक फांद्या एकेक करून बुजतात, आणि बराचसा रस्ता बंद होईपर्यंत आकडा हलत नाही. तो हलतो तेव्हा उजव्या कप्प्यावर आयुष्यभर कधी न पडलेला भार पडलेला असतो. कमी दाबासाठी घडलेला, पातळ भिंतीचा तो कप्पा आधी जाड होतो, मग पसरतो आणि शेवटी थकतो. आजार फुफ्फुसातल्या वाहिन्यांचा असला तरी रुग्ण बहुधा उजवं हृदय निकामी झाल्याने जातो. या विषयात नव्याने येणाऱ्याला हे लवकर उमगलं तर बरं, नाहीतर तो वर्षानुवर्षं धमन्याच बघत बसतो आणि हृदयाकडे वळतच नाही.

लक्षणं अगदी साधी असतात. जिना चढताना धाप, थकवा, पायांवर सूज, कधी चालता चालता घेरी. बऱ्याच जणांना आधी दमा, रक्तक्षय किंवा 'वजन कमी करा' असं सांगितलं जातं. अमेरिकेत १९८१ ते १९८५ मध्ये ३२ केंद्रांनी मिळून १८७ रुग्णांची नोंदवही केली. त्यात लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षं गेलेली दिसली, आणि निदानानंतर निम्मे रुग्ण २.८ वर्षांत दगावले होते. पुढच्या सगळ्या संशोधनाची तुलना या एका आकड्याशी होत आली आहे.

एक नाव, पाच गट

पल्मनरी हायपरटेन्शन हे नाव एकच असलं तरी त्याखाली पाच गट येतात. पहिल्यात धमन्यांची भिंतच आजारी असते. तो आनुवंशिक असतो, काही औषधांमुळे होतो, त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मासारख्या आजारांसोबत येतो किंवा कुठलंही कारण न सापडता होतो. दुसऱ्यात दोष डाव्या हृदयाचा: तिथे रक्त तुंबतं आणि दाब मागे फुफ्फुसात चढतो. तिसऱ्यात फुफ्फुसाचेच आजार आणि प्राणवायूची कमतरता, चौथ्यात न विरघळलेल्या जुन्या गुठळ्या, पाचव्यात उरलेलं सगळं. जगात सर्वांत जास्त रुग्ण दुसऱ्या गटात असतात. संशोधकांचा ओढा मात्र पहिल्या गटाकडे, कारण आजची बहुतेक खास औषधं त्याच गटासाठी आहेत. तीच औषधं दुसऱ्या गटातल्या रुग्णाला दिली तर फुफ्फुसात पाणी भरू शकतं. गट ठरवणं हीच म्हणून पहिली कसोटी.

शिक्षणाचा लांबचा रस्ता

या क्षेत्रात दोन वाटांनी माणसं येतात. एक वाट डॉक्टरांची: वैद्यकीय पदवी, मग औषधवैद्यक, मग हृदयरोग किंवा छातीचे विकार, आणि त्यावर तीन-चार वर्षं प्रयोगशाळेत पीएचडी. दुसरी जीवशास्त्रज्ञांची: ते पेशी आणि जनुकं शिकून येतात, रुग्ण नंतर पाहतात. स्वतःचा गट, स्वतःचा निधी आणि स्वतःचा प्रश्न हाती यायला दोन्ही वाटांनी पंधरा वर्षं सहज जातात. पहिल्या वाटेवरच्यांना प्रयोग आखण्याची सवय नसते, दुसऱ्या वाटेवरच्यांना रुग्णाची. चालणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये दोघं एकाच टेबलाशी बसलेले दिसतात.

काम काय, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक येतो. आमच्या मते कारकिर्दीचा मोठा हिस्सा याहून रूक्ष गोष्टीत जातो: समोरचा आकडा खरा आहे का, हे तपासण्यात. रुग्णाच्या छातीतला दाब असो, उंदराच्या हृदयाचं वजन असो की औषधाच्या चाचणीतले मीटर, प्रश्न तोच.

कॅथेटरच्या टोकावरचा आकडा

१९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केलं. न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी पुढे त्या नळीतून दाब आणि प्रवाह पद्धतशीर मोजले. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. १९७० मध्ये स्वान आणि गान्झ यांनी नळीच्या टोकाला छोटा फुगा बसवला. आता फुगा रक्तप्रवाहासोबत स्वतःच वाहत धमनीत जातो.

तपासणी अशी होते. मानेच्या किंवा हाताच्या शिरेतून नळी आत जाते: उजवा वरचा कप्पा, उजवा खालचा कप्पा, मग फुफ्फुसधमनी. प्रत्येक ठिकाणी पडद्यावरची लहर बदलते आणि अनुभवी माणूस नुसत्या लहरीवरून टोक कुठे आहे ते सांगतो. शेवटी फुगा एका बारीक फांदीत अडकतो. मागून येणारं रक्त थांबतं आणि टोकाला पलीकडचा, म्हणजे डाव्या बाजूचा, दाब जाणवू लागतो. याला वेज दाब म्हणतात.

आता हिशेब. फुफ्फुसधमनीतला सरासरी दाब ४८, वेज १० आणि हृदयातून मिनिटाला ४ लिटर रक्त जातंय असं समजा. ४८ मधून १० वजा केले, ३८ उरले, भागिले ४, म्हणजे ९.५ वुड एकक एवढा अडथळा. सध्याच्या व्याख्येत सरासरी दाब २० च्या वर, वेज १५ किंवा त्याखाली आणि अडथळा २ च्या वर असेल तर दोष फुफ्फुसधमन्यांच्या बाजूचा. वेज १५ च्या वर गेला की बोट डाव्या हृदयाकडे वळतं.

चुका घरंगळत येतात त्या इथे. दाब मोजणारा सेन्सर रुग्णाच्या छातीच्या मध्यपातळीला हवा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून सेन्सर ६.८ सेंटिमीटर खाली राहिला की प्रत्येक आकडा ५ मिमीने जास्त येतो. वेज १२ असेल तर पडद्यावर १७ दिसेल. गंमत म्हणजे अडथळ्याचा हिशेब तरीही बरोबरच येतो, कारण वजाबाकीत दोन्हीकडची चूक उडून जाते. अहवाल नीटनेटका दिसतो, आकडे एकमेकांशी जुळतात, आणि रुग्ण भलत्याच गटात जाऊन बसतो. पलंग वर-खाली केला आणि सेन्सर तसाच राहिला, एवढंच निमित्त पुरतं.

दुसरी चूक श्वासाची. श्वासाबरोबर छातीतला दाब वर-खाली होतो, म्हणून वाचन नेहमीच्या उच्छ्वासाच्या शेवटी घ्यायचं असतं. यंत्र स्वतःहून सगळ्या श्वासांची सरासरी काढून देतं आणि घाईत तीच लिहिली जाते. ज्याचा श्वास जोरात चालतो, त्याच्या बाबतीत हा फरक बराच पडतो. तिसरी चूक फुग्याची: तो नीट बसला नाही तर वेज खोटा जास्त येतो. शंका असेल तर तिथलंच थोडं रक्त ओढून त्यातला प्राणवायू तपासतात. तो डाव्या बाजूच्या रक्ताइतका भरला तर फुगा जागेवर आहे. प्रवाह मोजायला थंड सलाइन सोडतात आणि पुढच्या सेन्सरवर तापमान किती उतरलं ते पाहतात. असं निदान तीनदा करायचं आणि तिन्ही उत्तरं एकमेकांच्या दहा टक्क्यांत यायला हवीत.

सोनोग्राफीसारखी इको तपासणी आधी होतेच. तीत उजव्या बाजूच्या झडपेतून मागे झिरपणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात. वेग सेकंदाला २.८ मीटर असेल तर दाबातला फरक ३१ मिमी. सोयीचं गणित आहे, पण किरण जरा तिरका लागला की वेग कमी दिसतो, आणि वेगाचा वर्ग होत असल्याने चूकही फुगते. इकोवर संशय घ्यावा, निदान करू नये.

ही २० ची मर्यादा कुठून आली, हेही सांगण्यासारखं आहे. १९७३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत २५ हा आकडा ठरला. तो तारतम्याने ठरवलेला होता. पुढे ४७ अभ्यासांतल्या ११८७ निरोगी माणसांची मोजणी एकत्र केली गेली तेव्हा सरासरी १४ आणि विचलन, म्हणजे माणसामाणसांतले आकडे सरासरीच्या आसपास किती पसरतात त्याचं माप, ३.३ निघालं. सरासरीत दोन विचलनं मिळवली की २०.६ होतात. २०१८ पासून मर्यादा २० वर आली ती या हिशेबाने.

खुळखुळ्याचं विष आणि उंदीर

जिनिव्हाची ती बैठक भरली तीच एका औषधामुळे. अ‍ॅमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी १९६५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत आली. दोनेक वर्षांत तिथल्या डॉक्टरांना या दुर्मिळ आजाराचे रुग्ण अचानक वाढलेले दिसले, आणि १९६८ मध्ये गोळी बंद झाली. तीन दशकांनी फेनफ्लुरामिन या दुसऱ्या भूकमार औषधाने तसंच केलं. ते १९९७ मध्ये मागे घेतलं. दोन्ही वेळा गोळी अनेकांनी खाल्ली आणि आजारी थोडेच पडले. उरलेल्यांना काय वाचवलं, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मानगुटीवर आहे.

असे प्रश्न माणसात सोडवता येत नाहीत, म्हणून उंदीर. क्रोटालारिया, म्हणजे आपल्याकडे ज्याला खुळखुळा म्हणतात त्या कुळातल्या झाडांच्या बियांत मोनोक्रोटालिन हे विष असतं. किलोमागे ६० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन दिलं की तीन ते चार आठवड्यांत मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, आजार होतो. विष थेट फुफ्फुसावर काम करत नाही. यकृत आधी त्याचं रूपांतर करतं आणि तो तयार झालेला पदार्थ फुफ्फुसातल्या वाहिन्यांचं अस्तर जाळतो. स्वस्त, सोपं, भरवशाचं. पण ही भाजल्यासारखी जखम आहे, माणसातला सावकाश चालणारा आजार नव्हे. शिवाय त्याच विषाने यकृत आणि हृदयही दुखावतं. त्यामुळे सूज कमी करणारं जवळपास कुठलंही औषध उंदराला बरं करतं. डझनावारी औषधांनी केलं, माणसात त्यातली मोजकीच टिकली.

दुसरी पद्धत अधिक खरी आहे. सू-५४१६ हे अस्तरपेशींचा वाढीचा संदेश अडवणारं रसायन किलोमागे २० मिलिग्रॅम एकदाच देतात, आणि उंदीर तीन आठवडे १० टक्के प्राणवायूच्या पेटीत ठेवतात. प्राणवायू कमी झाला की फुफ्फुसातल्या धमन्या आवळतात. हे ऑयलर आणि लिल्येस्त्रांद यांनी १९४६ मध्ये मांजरांत दाखवलं होतं. नुसत्या कमी प्राणवायूने झालेला बदल उंदीर बाहेर काढल्यावर बराचसा ओसरतो. या दुहेरी पद्धतीत मात्र उंदीर साध्या हवेत परत आणल्यावरही आजार वाढतच जातो, आणि काही आठवड्यांनी धमन्यांत माणसासारख्याच अस्तरपेशींच्या गाठी दिसतात. उंदराच्या धाकट्या भावंडात, म्हणजे माउसमध्ये, ते तसं घडत नाही. जनुकं बदलायची साधनं मात्र बरीचशी माउसचीच. ही या विषयातली जुनी अडचण.

पेटी चालवणं हे वेगळंच काम आहे. साफसफाईला दार उघडलं की आत साधी हवा शिरते, म्हणून आठवड्यातून एक-दोनदाच आणि झटपट उघडायचं. उंदरांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम शोषून घेतो. तो संपून त्याचा रंग पालटला आणि कोणी लक्ष दिलं नाही तर प्रयोग कमी प्राणवायूचा राहत नाही, जास्त कार्बन डायऑक्साइडचा होतो.

शेवटच्या दिवशी दाब मोजतात. भूल खोल झाली की दाब उतरतो, तेव्हा शेवटी मोजलेला उंदीर उगाच बरा दिसतो. मग हृदय काढून उजव्या कप्प्याची भिंत कापून वेगळी करतात आणि तिच्या वजनाला डावा कप्पा व दोन कप्प्यांमधला पडदा यांच्या एकत्रित वजनाने भागतात. निरोगी उंदरात उत्तर ०.२५ च्या आसपास येतं, आजारात ०.५ किंवा त्याहून जास्त. कातरीची रेघ पडद्याकडे मिलिमीटरभर सरकली तरी आकडा बदलतो. म्हणून कुठल्या उंदराला औषध मिळालं हे कापणाऱ्याला माहीत नसावं. फुफ्फुसाचे काप घेण्याआधी ते ठरावीक दाबाने फुगवून मगच फॉर्मालिनमध्ये ठेवायचं. न फुगवता ठेवलं तर मिटलेल्या धमनीची भिंत जाड दिसते आणि आजार नसलेल्या उंदरातही आजार सापडतो.

शोधनिबंध वाचताना आम्ही आधी एकच गोष्ट शोधतो: औषध कधी सुरू केलं? विष दिलं त्याच दिवशी सुरू केलं असेल तर तो प्रतिबंध झाला. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाच्या धमन्या आधीच बुजलेल्या असतात. आजार पुरता जडल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर सुरू केलेल्या औषधाचंच वजन धरावं. आणखी एक खोच: पहिल्या गटात स्त्रिया जास्त असतात, उंदरांचे प्रयोग मात्र वर्षानुवर्षं नरांवरच होत आले.

इमॅटिनिबची गोष्ट यासाठी बोलकी आहे. रक्ताच्या कर्करोगावरच्या या गोळीने २००५ मध्ये उंदरांतला जडलेला आजार मागे फिरवला. २०१३ मध्ये माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. रुग्ण सहा मिनिटांत सरासरी ३२ मीटर जास्त चालू लागले, अडथळाही घटला. पण रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या काही रुग्णांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला, अनेकांनी गोळी अर्ध्यावर सोडली, आणि ती या आजारासाठी मंजूर झाली नाही. उंदीर खोटं बोलला नव्हता. त्याला रक्त पातळ करण्याची गोळी चालू नव्हती, इतकंच.

माणसाची पेशी मिळवायची कुठून

या आजारात फुफ्फुसाचा तुकडा तपासणीसाठी काढत नाहीत. वाढलेल्या दाबामुळे रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. मग ऊती मिळतात त्या प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुफ्फुसातून किंवा मृत्यूनंतर. म्हणजे आजाराचा शेवटचा टप्पा, तोही वर्षानुवर्षं औषधं घेतल्यानंतरचा. आजार सुरू कसा झाला, हे त्यात दिसत नाही. तुलनेसाठी 'निरोगी' फुफ्फुस म्हणून प्रत्यारोपणाला न वापरलेली दात्यांची फुफ्फुसं घेतात, नाहीतर गाठीच्या शस्त्रक्रियेत काढलेला कडेचा भाग. त्यातलं एक कृत्रिम श्वासावर राहिलेल्याचं, दुसरं बऱ्याचदा धूम्रपान करणाऱ्याचं. निरोगी म्हणताना जीभ अडखळावी अशीच ही सामग्री.

त्यातून वेगळ्या केलेल्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवतात. प्लास्टिक धमनीच्या भिंतीपेक्षा कितीतरी कडक असतं आणि कडकपणा हाच पेशींना वाढण्याचा इशारा असतो. पेशी एका बशीतून दुसऱ्या बशीत काही वेळा हलवल्या की त्या मूळ स्वभाव विसरतात, म्हणून कितव्या पिढीतल्या पेशी वापरल्या हे वहीत लिहिणं सक्तीचं. अलीकडे कॅथेटरच्या फुग्याला चिकटून आलेल्या अस्तरपेशी वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. मूठभरच पेशी मिळतात, पण त्या जिवंत माणसाच्या आणि आजच्या असतात.

जनुक सापडलं, तरी

२००० मध्ये दोन स्वतंत्र गटांना एकाच वेळी बीएमपीआर२ हे जनुक सापडलं. ज्या घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांतल्या ७० ते ८० टक्क्यांत यात बिघाड असतो. पण बिघाड असलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकालाच आजार होतो, आणि स्त्रियांत त्याची शक्यता पुरुषांपेक्षा बरीच जास्त. भूकमार गोळी खाऊनही वाचलेल्यांचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो: बिघाड पुरेसा नाही, वरून आणखी एखादा घाव लागतो. संप्रेरकं, जंतुसंसर्ग, औषधं, दुसरी जनुकं, असे संशयित पुष्कळ आहेत. घराण्यातल्या निरोगी वाहकांना वर्षानुवर्षं तपासत राहणं हाच त्यावरचा मार्ग. ते काम संथ आहे, दरवर्षी शोधनिबंध देत नाही आणि निधी देणाऱ्यांच्या धीराची परीक्षा पाहतं.

औषधांचे चार रस्ते

पहिला रस्ता प्रोस्टासायक्लिनचा. १९७६ मध्ये ते सापडलं. धमन्या सैल करतं आणि गुठळी होऊ देत नाही. त्याचं औषधी रूप म्हणजे इपोप्रोस्टेनॉल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ रुग्ण होते आणि काळ बारा आठवडे. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात आठ जण दगावले, औषधाच्या गटात एकही नाही. पण हे औषध रक्तात काही मिनिटंच टिकतं. छातीतल्या कायमच्या नळीतून पंपाने ते चोवीस तास द्यावं लागतं. नळी तुंबली किंवा पंप थांबला तर दाब उसळून जीव धोक्यात, नळीला जंतुसंसर्ग झाला तरी तेच. नळी, पंप आणि औषधाची राखीव जोडी जवळ ठेवायची ती यासाठी.

दुसरा रस्ता नायट्रिक ऑक्साइडचा; त्याच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. सिल्डेनाफिल याच रस्त्यावर काम करतं. छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी त्यासोबत चालत नाही, रक्तदाब कोसळतो. तिसरा एंडोथेलिनचा: धमन्या आवळणारं हे रसायन १९८८ मध्ये सापडलं आणि ते अडवणारं बोसेन्टान २००१ मध्ये मंजूर झालं. त्यावर दर महिन्याला यकृताची तपासणी लागते, आणि गर्भाला अपाय होत असल्याने गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य. २०१५ च्या एका ५०० रुग्णांच्या चाचणीनंतर दोन रस्त्यांची औषधं सुरुवातीपासून एकत्र देण्याचा प्रघात पडला.

हे तिन्ही रस्ते मुख्यतः धमनी सैल करतात. वाढलेली भिंत मागे नेणारं औषध भलतीकडून आलं. सोटाटरसेप्ट हाडांच्या झिजेवर तपासलं जात होतं. त्यात निरोगी स्त्रियांचं हिमोग्लोबिन वाढलं, म्हणून ते रक्तक्षयाकडे वळलं. ते अ‍ॅक्टिव्हिन हा वाढीचा संदेश रक्तातच पकडून ठेवतं. बीएमपीआर२ बिघडल्यावर वाढ थांबवणारा संदेश कमी पडतो आणि अ‍ॅक्टिव्हिनची बाजू जड होते, हे जनुकाच्या शोधातून माहीत होतं. दोन्ही धागे जुळले. २०२३ मध्ये ३२३ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी चालण्यात ते मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत ४०.८ मीटरचा फरक पडला, आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन. त्यानंतर गंभीर रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यू, प्रत्यारोपण आणि आजार बळावून इस्पितळात भरती होणं यांचा एकत्रित धोका इतका घटला, की ती चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. हिमोग्लोबिन वाढणं, प्लेटलेट घटणं, त्वचेवर लाल जाळी उमटणं आणि नाकातून रक्त येणं हे त्याचे त्रास. पहिल्या काही डोसांच्या आधी रक्ततपासणी न चुकता करायची.

सहा मिनिटं, तीस मीटर

'४०.८ मीटर' असं म्हटलं की ते मीटर कुठून आले ते पाहावं. ३० मीटरचा सपाट बोळ, दोन टोकांना शंकू, रुग्ण सहा मिनिटांत जमेल तेवढं चालतो. प्रत्येक मिनिटाला ठरलेलं वाक्य ठरलेल्या सुरात म्हणायचं. उत्साहाच्या भरात जास्त शाबासकी दिली की अंतर वाढतं. बोळ छोटा असला की वळणं वाढतात आणि अंतर घटतं. दुसऱ्यांदा चालणारा सरावाने पुढे जातो. गुडघेदुखी असेल तर आपण फुफ्फुस मोजतच नाही. मुळात चांगला चालणाऱ्याचं अंतर वाढून वाढून किती वाढणार? म्हणून आता मोठ्या चाचण्या मृत्यू, भरती, आजार बळावणं अशा घटना मोजू लागल्या आहेत. त्याला शेकडो रुग्ण आणि काही वर्षं लागतात, आणि हा आजार दहा लाखांत काही दहा जणांना होणारा. अनेक देशांतली केंद्रं एकत्र आल्याशिवाय हे जमत नाही. फोर्समानसारखा एकटा माणूस आता इथे काही सिद्ध करू शकत नाही.

बरा होणारा गट विसरू नये

चौथा गट, जुन्या गुठळ्यांचा, शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. रक्त पातळ करण्याचा उपचार तीन महिने नीट झाल्यावरही धाप उरली तर व्हेंटिलेशन-परफ्यूजन स्कॅन, म्हणजे फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी, करायलाच हवा. नुसत्या सीटीवर विसंबलं तर काही रुग्ण निसटतात. शस्त्रक्रियेत शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करतात, रक्ताभिसरण एका वेळी सुमारे वीस मिनिटं पूर्ण थांबवतात, आणि त्या कोरड्या धमनीतून आतला चिवट थर फांद्यांसकट सोलून काढतात. सोलण्याची पातळी उथळ लागली तर अडथळा उरतो, खोल गेली तर धमनी फाटते. शस्त्रक्रिया न जमणाऱ्यांत फुग्याने फांद्या रुंद करतात.

पहिल्या गटात याच्या उलट अडचण आहे: धमनी खरंच मोकळी झाली का, हे सोलून पाहता येत नाही. सोटाटरसेप्ट घेतलेल्यांत दाब उतरला, पण रक्तप्रवाह फारसा वाढला नाही. जुन्या औषधांत असं सहसा होत नसे. भिंत पातळ झाली की धमनी फक्त वेगळ्या पद्धतीने सैल पडली, हे ठरायला औषध घेतलेल्या माणसांची फुफ्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली यावी लागतील. ती प्रत्यारोपणातून किंवा मृत्यूनंतरच्या दानातून येतात. त्यासाठीची संमती आज, रुग्ण चालत-फिरत असताना, त्याच्याशी आणि घरच्यांशी नीट बोलून घ्यावी लागते, आणि काढलेला तुकडा फुगवून, ठरलेल्या वेळात, ठरलेल्या तापमानाला ठेवणारा माणूस रात्री-अपरात्री हजर असावा लागतो.